पिस्तुलाचे काडतूस, रायफलची नळी: अमेरिकेत कार्बाइन निवडताना

बंदुकीच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी स्वतःचा पासपोर्ट उघडून बघा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर तुम्ही अमेरिकेत असाल, तर फेडरल कायद्यानुसार तुम्हाला बंदूक आणि काडतुसे दोन्ही बाळगायला मनाई आहे. विकत घेणे तर सोडाच, ऑफिसातल्या मित्राबरोबर शनिवारी रेंजवर जाऊन त्याची रायफल चालवणेही यात धरले जाते. अपवाद मोजके आहेत. त्यातला सगळ्यांच्या कानावर आलेला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे, पण त्या वाटेने जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या माणसाने अर्ध्या तासाच्या हौसेसाठी ही जोखीम का घ्यावी?

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही मनाई तुम्हाला लागू नाही. घरातल्या इतरांना मात्र लागू असू शकते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-२ वर असतात. त्यांना रेंजवर नेऊन 'बाबा, एक राउंड मारून बघा' म्हणणे, किंवा बंदुकीच्या तिजोरीचा आकडा त्यांना सांगून ठेवणे, दोन्ही टाळा. ज्याला कायद्याने मनाई आहे अशा मित्रासाठी आपल्या नावावर बंदूक घेऊन देणे हा तर सरळ फेडरल गुन्हा आहे. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर 'ही बंदूक खरोखर तुमच्यासाठीच आहे का' हा प्रश्न त्यासाठीच असतो. त्याच फॉर्मवर गांजाबद्दलही विचारतात. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायदा त्याला ओळखत नाही, आणि खोटे उत्तर देणे हा वेगळा गुन्हा.

इथवर सगळे ठीक असेल तर पुढे वाचा.

ही वस्तू आहे तरी काय

महाराष्ट्रात वाढलेल्यांनी कार्बाइन पाहिलेली असते ती पोलिसांच्या खांद्यावर. ती स्टर्लिंग जातीची, ९ मिमीची, कानपूरच्या कारखान्यात बनलेली. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारी कार्बाइन तिच्या दूरच्या नात्यातली आहे. दोन्हींत काडतूस पिस्तुलाचेच असते. पण दुकानातली कार्बाइन एका वेळी एकच गोळी सोडते, तिला खांद्याला टेकवायचा दस्ता असतो आणि नळी किमान १६ इंचांची असते.

कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची लिव्हर रायफल (ट्रिगरखालची तरफ हाताने खाली-वर करून काडतूस भरायची) .४४-४० काडतुसावर चालायची. पुढे कोल्टने आपले रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसात काढले. घोड्यावरून महिनोन्‌महिने फिरणाऱ्याला कमरेला आणि खोगिराला एकच काडतूस पुरायचे. आज घोडा गेला, तरी एकाच डब्यातल्या गोळ्या पिस्तुलात आणि रायफलीत चालाव्यात ही सोय लोकांना अजून हवी असते.

दुसरा फायदा म्हणजे नेम. हातात लांब धरलेले पिस्तूल नवख्याच्या हाती २५ यार्डांवर ताटाएवढ्या निशाण्यालाही चुकते. तेच काडतूस खांदा, गाल आणि दोन हात असा आधार मिळाल्यावर ५० यार्डांवर सहज लागते. माझ्या मते लोक कार्बाइनच्या प्रेमात पडतात ते याच कारणाने, वेग आणि ताकदीचे आकडे नंतर येतात. आकड्यांच्या बाबतीत तर बरेच गैरसमज आहेत, त्यांच्याकडे वळू.

आधी काडतूस, मग बंदूक

लांब नळीत दारूला जळायला जास्त वेळ मिळतो, म्हणून गोळीचा वेग वाढतो. पण तो किती वाढेल हे काडतुसात दारू किती आणि कशी आहे यावर ठरते.

९ मिमीचे साधे ११५ ग्रेनचे (ग्रेन म्हणजे गोळी तोलायचे छोटे माप) काडतूस पिस्तुलातून सेकंदाला साधारण ११५० फूट वेगाने निघते. १६ इंची नळीतून तेच १३०० च्या आसपास जाते. ऊर्जा होते सुमारे ४३० फूट-पाउंड. वाढ आहे, पण काडतुसाचा स्वभाव बदलावा इतकी नाही. १४७ ग्रेनची जड, आवाजापेक्षा हळू जाणारी ९ मिमी घेतली तर लांब नळीने फारसे काहीच पदरात पडत नाही. .४५ एसीपीचेही तेच. ते मुळात छोट्या नळीसाठी आखलेले, जड आणि संथ काडतूस आहे.

.३५७ मॅग्नमची गोष्ट वेगळी. १९३५ साली आलेल्या या काडतुसात सावकाश जळणारी दारू भरपूर असते, आणि चार इंची रिव्हॉल्व्हरमध्ये त्यातली बरीचशी नळीबाहेर ज्वाळा होऊन वाया जाते. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला १२०० फुटांच्या थोडे वर जाते. कार्बाइनमधून तीच १८०० च्या घरात पोचते. ऊर्जा ११०० फूट-पाउंडांच्या वर, म्हणजे दुपटीने वाढली. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी लिव्हर रायफलीतून १७५० च्या आसपास जाते आणि १६०० फूट-पाउंडांपर्यंत मजल मारते. कार्बाइनची नळी खऱ्या अर्थाने कारणी लागते ती या दोन काडतुसांत. १० मिमी या दोघांच्या आणि ९ मिमीच्या मधे कुठेतरी बसते.

हे एकदा डोक्यात बसले की निम्मा गोंधळ मिटतो. कारण पुढचा प्रश्न 'कुठली कंपनी' हा नसून 'काम काय' हा असतो.

*शिकार.* ९ मिमीने हरीण मारू नये. काही राज्यांत तसे करणे कायद्यात बसतही असेल, पण जखमी जनावर झाडीत पळून जाऊन तासन्‌तास तडफडण्याची शक्यता फार मोठी. शिकाऱ्यांमध्ये हरणासाठी १००० फूट-पाउंडांचा एक जुना ठोकताळा आहे. तो काही विज्ञान नव्हे, पण ९ मिमी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. .३५७ लिव्हर रायफलीने शंभर यार्डांच्या आत आणि .४४ ने त्याच्या थोडे पुढे, असे अंतर पाळले तर काम स्वच्छ होते. दाट झाडीत, मचाणावर बसून केलेल्या शिकारीत याहून लांबचा नेम तसाही क्वचितच मिळतो.

इथे राज्यागणिक नियम बदलतात. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे टरफल वर निमुळते न होणाऱ्या, काडतुसांची रायफल हरणासाठी चालते, .३५७ ते .५० इंच व्यासाच्या मर्यादेत. त्यामुळे .३५७ आणि .४४ च्या लिव्हर रायफलींना तिथे बरे दिवस आले. न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, तोंडाकडून दारू भरायची बंदूक किंवा धनुष्यबाण. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी वापरायला २०१९ पासून राज्यभर बंदी आहे, तेव्हा तांब्याच्या गोळ्या शोधाव्या लागतात. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून परवाना लागत नाही. मात्र हरणासाठी तो लागतोच, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचे शिक्षणही. तो वर्ग शिकारीला जायचे नसले तरी करा. कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची, डोंगराच्या कडेवर उभ्या जनावरावर का झाडायची नाही, अशा गोष्टी दुकानदार सांगत नाहीत.

मॅग्नम कार्बाइनसाठी गोळी निवडताना एक मेख आहे. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली पोकळ टोकाची हलकी गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या वेगावर नीट उमलते, म्हणजे लागल्यावर तिचे टोक पसरते. १८०० वर मात्र ती कातडीखालीच फुटून तुकडे होऊ शकते. म्हणून .३५७ मध्ये १५८ ते १८० ग्रेनची, आवरण आणि शिसे घट्ट जोडलेली किंवा कडक शिशाची चपट्या टोकाची गोळी घ्या. चपटे टोक आणखी एका कारणासाठी हवे. लिव्हर रायफलीच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात, आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्याच्या पेंदीला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरला, टेकलेले असते. तिथे अणकुचीदार कडक टोक धक्क्याने काय करेल हे वेगळे सांगायला नको.

*पत्र्याचे डबे, लोखंडी पाट्या आणि रविवारची मजा.* इथे ९ मिमीला तोड नाही, मुख्यतः खिशाच्या कारणाने. साधे ९ मिमी गोळीमागे पंचवीस-तीस सेंटला पडते, .३५७ मॅग्नम त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि .४४ एक डॉलरच्या आसपास. पण .३५७ वाल्यांकडे एक पत्ता राखीव असतो. त्याच रायफलीत .३८ स्पेशल चालते. धक्का जवळजवळ नाही, आवाज मवाळ, किंमत मॅग्नमपेक्षा कमी. दहा-बारा वर्षांच्या मुलीला शिकवायला यासारखी मध्यम ताकदीची बंदूक मला दुसरी माहीत नाही.

फक्त डबेच पाडायचे असतील, बाकी काही नाही, तर कार्बाइनचा नाद सोडा आणि .२२ ची रुगर १०/२२ घ्या. ती १९६४ पासून बाजारात आहे, तिचा प्रत्येक सुटा भाग मिळतो, आणि गोळी दहा सेंटच्या आतबाहेर पडते. हा लेख कार्बाइनवर असला तरी खरे ते हेच.

स्पर्धा खेळायच्या असतील तर ९ मिमीच. यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये पिस्तूल-काडतुसांच्या कार्बाइनसाठी वेगळा गट सुरू केला आणि तेव्हापासून या बंदुकांचे पीकच आले.

*घराचे रक्षण.* या विषयावर दुकानातला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपण विटांच्या आणि सिमेंटच्या भिंतींत वाढलो. अमेरिकेतले घर लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांचे असते. आतल्या भिंतीत अर्ध्या इंचाचे दोन तक्ते आणि मधे पोकळी. ९ मिमीची गोळी, पोकळ टोकाची असली तरी, अशा कित्येक भिंती पार करते. ड्रायवॉलचा भुगा टोकात बसला की ती उमलत नाही आणि साध्या गोळीसारखीच पुढे जाते. हॉलमधून झाडलेली गोळी मुलांच्या खोलीत पोचते, टाउनहाउस असेल तर शेजाऱ्याच्याही. .३५७ मॅग्नम कार्बाइनमधून तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो, म्हणून घरात .३८ स्पेशलची पोकळ टोकाची गोळी ठेवणे बरे. कुठल्या कोपऱ्यातून कुठे झाडले तर मागे कोण झोपलेले असते, याचा नकाशा आधीच मनाशी करून ठेवावा. बहुतेक घरांत असा कोन एखादाच निघतो. तिथे बसून, कुटुंबाला आपल्या मागे घेऊन, ९११ वर बोलत राहणे हाच बेत. अंधारात घरभर चोर शोधत हिंडू नका. कॉलेजातून न सांगता परत आलेला मुलगाही तसाच अंधारात जिना चढत असतो. म्हणून बंदुकीवर दिवा हवा, आणि हातात वेगळा टॉर्चही.

घरासाठी कार्बाइनची बाजू अशी की पिस्तुलापेक्षा नेम पक्का लागतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती लवकर चालवता येते. उलट बाजू अशी की ती लांब असते, दारातून वळताना अडते, एका हातात मूल किंवा फोन असेल तर सांभाळत नाही. आवाज पिस्तुलापेक्षा कमी, पण तरीही कानाला इजा होण्याच्या १४० डेसिबलच्या पातळीच्या वरच. आणि घरात बंदूक आली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. इथले बंदुकीचे निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. घरात कोणी नैराश्यातून जात असेल तर ही खरेदी पुढे ढकला, किंवा बंदूक घराबाहेर ठेवण्याची सोय करा.

तुमचे राज्य काय म्हणते

टेक्सासमधल्या फ्रिस्को किंवा ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्याला हा भाग वरवर चाळला तरी चालेल. एडिसन (न्यू जर्सी), नेपरव्हिल (इलिनॉय), सॅन होजे (कॅलिफोर्निया) किंवा सिअ‍ॅटलजवळ (वॉशिंग्टन) राहणाऱ्याने मात्र दोनदा वाचावा.

न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचे ओळखपत्र काढावे लागते, आणि मॅगझिन दहा गोळ्यांपेक्षा मोठे चालत नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचे राज्याचे ओळखपत्र, लागते, आणि २०२३ च्या कायद्याने अनेक सेमी-ऑटो रायफलींची (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते अशा) विक्री बंद केली. वॉशिंग्टन राज्यानेही त्याच वर्षी तसेच केले. कॅलिफोर्नियात दहा गोळ्यांची मर्यादा आहे, वर पिस्तुलासारखी मूठ, सरकता दस्ता अशा एकेका गोष्टीवर बंधने. न्यू यॉर्कमध्ये सेमी-ऑटो रायफलीसाठी परवाना लागतो. या कायद्यांवर सतत खटले चालू असतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा.

आता गंमत बघा. हातानेच खालीवर करायच्या लिव्हर रायफलीला यातली बहुतेक बंधने लागत नाहीत, कारण ती सेमी-ऑटो नाहीच. दीडशे वर्षांपूर्वीचे यंत्र घेऊन तुम्ही या बहुतेक राज्यांतून सुखाने राहू शकता. बंधनांच्या राज्यात असाल आणि पहिलीच कार्बाइन घेत असाल, तर माझे मत .३५७ लिव्हरकडे पूर्ण झुकते. टेक्साससारख्या राज्यातही शिकार, मजा आणि घर ही तिन्ही कामे एकाच बंदुकीकडून हवी असतील, तर मी तीच सुचवीन.

फेडरल कायद्याची एक रेघ मात्र सगळ्या राज्यांत सारखी आहे. खांद्याला लावायच्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर १९३४च्या कायद्याखाली तिची आधी नोंदणी करावी लागते. २०२६ च्या सुरुवातीपासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, पण नोंदणी आणि मंजुरी तशीच आहे. दुकानात 'पिस्तूल' म्हणून विकल्या जाणाऱ्या आखूड नळीच्या कार्बाइन दिसतील. त्यांना घरी हौसेने दस्ता बसवलात तर नोंदणी नसलेली आखूड रायफल बनवल्याचा गुन्हा होतो. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊच नका.

यंत्राचा स्वभाव

स्वस्त ९ मिमी कार्बाइन बहुतेक सगळ्या साध्या ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. गोळी सुटताना काडतुसाचे रिकामे टरफल मागे ढकलले जाते. त्याला रोखायला फक्त बोल्टचे, म्हणजे टरफलामागच्या सरकत्या लोखंडी दट्ट्याचे, वजन आणि स्प्रिंग. म्हणून बोल्ट जड ठेवावा लागतो, आणि तो लोखंडाचा गोळा मागेपुढे आदळतो तेव्हा खांद्याला हिसका बसतो. ९ मिमीचा असा धक्का पाहून नवखे लोक चकित होतात. त्याच वजनाच्या ५.५६ एआर-१५ पेक्षा तो कधीकधी जास्त ठोसेबाज वाटतो. धूर आणि काजळीही यंत्रात जास्त साठते.

महाग बंदुकांत यावर उपाय असतात. एचके एमपी५ च्या घराण्यात रोलर बोल्टला क्षणभर उशीर करायला लावतात, सिग एमपीएक्समध्ये गॅस-पिस्टन असतो, सीएमएमजीने बोल्ट किंचित फिरवून वेळ काढण्याची युक्ती वापरली आहे. चालवायला या सगळ्या मऊ लागतात. पण वर्षाला पाचशे गोळ्या मारणाऱ्याने त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

लिव्हरचे यंत्र साधे, पण त्याला सराव लागतो. लिव्हर अर्धवट खाली नेऊन परत आणली की काडतूस अडकते. खाली-वर पूर्ण, ठसक्यात, खांद्यावरून रायफल न काढता, हे हाताला बसेपर्यंत घरी नकली काडतुसांवर करत राहावे.

दुकानातली मांडणी

आता कंपन्या. घरात आधीपासून पिस्तूल असेल तर अर्धा निर्णय झालेलाच आहे. ग्लॉक असेल तर ग्लॉकचे मॅगझिन घेणारी कार्बाइन बघा, स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी असेल तर त्यांची एफपीसी. मॅगझिने सुटी घ्यायची म्हटली की प्रत्येकी वीस-तीस डॉलर सहज जातात.

रुगरची पीसी कार्बाइन ही ९ मिमीतली माझी पहिली पसंती. वजन सुमारे ६.८ पाउंड, थोडी जड, पण म्हणूनच शांत. पुढची नळी दोन सेकंदांत वेगळी होऊन बॅगेत बसते, आणि मॅगझिनची खाच बदलून रुगरची किंवा ग्लॉकची मॅगझिने चालतात. किंमत साधारण साडेसहाशे ते आठशे डॉलर. केल-टेकची सब-२००० मधून दुमडून निम्मी होते आणि चार पाउंडांच्या आसपास भरते. प्रवासाला छान, गालाला मात्र सुखाची नाही. २०२३ मध्ये आलेली स्मिथ अँड वेसनची एफपीसी आडवी दुमडते, त्यामुळे वर लावलेला रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) जागचा हलत नाही. मला हा विचार जास्त शहाणपणाचा वाटतो. हाय-पॉइंट दिसायला ओबडधोबड, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय, पण चारशेच्या आत मिळते आणि चालते.

लिव्हरमध्ये रॉसी आर९२ सगळ्यात स्वस्त आणि हलकी. ती जॉन ब्राउनिंगच्या १८९२च्या विंचेस्टरची नक्कल आहे. यंत्र मजबूत, पण खोलून साफ करायला डोकेदुखी. हेन्रीची बिग बॉय गुळगुळीत चालते, हाताला जड लागते. नवीन नमुन्यांत काडतूस बाजूच्या झडपेतून भरता येते, तेच घ्या. मार्लिन १८९४ महाग आहे. रेमिंग्टनचे दिवाळे निघाल्यावर २०२० मध्ये मार्लिन रुगरने घेतली, आणि तेव्हापासूनच्या बनावटीचे कौतुक होते ते उगाच नाही. तिचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. दर वेळी तोंडाकडून सळई घालून नळीच्या कडा झिजवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

हातात घेतल्यावर काय बघायचे? आधी चेंबर, म्हणजे नळीमागची काडतूस बसायची जागा, रिकामे आहे का हे स्वतः बघा, दुकानदाराने बघितले असले तरी. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा. नेम सरळ डोळ्यासमोर यायला हवा. मान वाकवावी लागत असेल तर दस्ता तुमच्या अंगाचा नाही. अमेरिकन कारखान्यातला दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा असतो, आपल्यातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, तो लांब पडतो. कमीजास्त करता येणारा दस्ता घ्या, किंवा आखूड करून मिळेल का विचारा. डावखुऱ्यांनी टरफल कुठल्या बाजूने उडते आणि बोल्टची मूठ बदलता येते का हे बघावे. शक्य असेल तर विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या मारा.

घरी आणल्यावरचा पहिला महिना

रेड डॉट बसवा. ९ मिमी कार्बाइनवर दुर्बीण म्हणजे हौस, तिची गरज नसते. नेम ५० यार्डांवर जुळवा. आधी २५ यार्डांवर कागदावर गोळी आणा, मग ५० वर बारीक दुरुस्ती. एका वेळी तीन गोळ्या मारायच्या, मधला बिंदू काढायचा आणि मगच स्क्रू फिरवायचा. एकेका गोळीमागे धावलात तर डबा संपेल.

असे जुळवल्यावर गोळी कुठे लागते ते पाठ करा. डॉट नळीच्या अडीच इंच वर असेल तर ११५ ग्रेनची ९ मिमी गोळी सात यार्डांवर, म्हणजे घरातल्या अंतरावर, जवळजवळ दोन इंच खाली लागते. २५ यार्डांवर अर्धा इंच खाली, १०० वर साधारण चार इंच खाली आणि १५० वर दीड फूट. यापुढे ९ मिमी म्हणजे अंदाजपंचे. जवळच्या अंतरावरचे ते दोन इंच मात्र विसरू नका. टेबलाच्या कडेवरून किंवा दाराच्या चौकटीला टेकून नेम धरला की डॉटला सगळे मोकळे दिसते आणि नळी लाकडाकडे रोखलेली असते.

सरावाची आणि घरातली काडतुसे वेगळी असतील, तर घरातली जी ठेवणार तीच निदान शे-दोनशे मारून बघा. काही कार्बाइनना ठरावीक आकाराचे पोकळ टोक आवडत नाही, आणि हे रेंजवर कळलेले बरे. एखादा बार फुसका वाटला, आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढचा बार नळी फोडतो. बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

लोखंडी पाटीवर मारायचे असेल तर एआर५०० या कडक पोलादाची, खाली कललेली पाटी घ्या, आणि ९ मिमीलाही दहा यार्डांच्या आत जाऊ नका. मॅग्नम कार्बाइन असेल तर बरेच मागे सरका, नाहीतर पाटीला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून तुकडे उलटे येतात. बघायला आलेल्यांच्याही डोळ्यांवर चष्मे, कानांवर संरक्षण. रेंजवरून आल्यावर चहाचा कप उचलण्याआधी साबणाने हातपाय धुवा आणि ते कपडे वेगळे टाका. गोळीत आणि प्रायमरमध्ये शिसे असते, आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला ते चटईवरून लागते.

कार्बाइन कपाटात कपड्यांमागे ठेवून चालत नाही. पक्की तिजोरी घ्या, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. घरासाठी हाताशीच हवी असेल तर पटकन उघडणारी, भिंतीला ठोकलेली पेटी. नव्या बंदुकीबरोबर वायरचे कुलूप येते, ते तात्पुरत्या कामाचे आहे. आपल्याकडे सत्यनारायणाला किंवा गणपतीला चाळीस माणसे आणि पंधरा पोरे घरभर फिरतात. त्या दिवशी झटपट पेटीतली बंदूकही मोठ्या तिजोरीत गेली पाहिजे.

गाडीतून राज्याबाहेर नेताना ती रिकामी, कुलपात, डिकीत, आणि काडतुसे वेगळी. १९८६ च्या फेडरल कायद्याने अशा प्रवासाला संरक्षण दिले आहे, पण निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे ती बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल तरच. पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत मेहुण्याकडे मुक्कामाला जाताना मॅगझिन पंधरा गोळ्यांचे असेल तर ते संरक्षण तुमच्या कामाचे नाही.

आणि रेंजला नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. बाजूच्या कप्प्यात, अस्तराच्या शिवणीत एखादे काडतूस राहून जाते. विमानतळावर ते सापडले की परवाना दाखवा म्हणतात, आणि अमेरिकेतली पावती तिथे परवाना नसते. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना एक जिवंत काडतूसही पोलिसात नोंद व्हायला पुरते. पुढे सुटका होते बहुधा, पण पंधरा दिवसांची रजा पोलीस ठाणे आणि वकिलाच्या फेऱ्यांत जाते. रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची घ्या, आणि ती गॅरेजमधून घरात येऊच देऊ नका.